कुत्रा शिकतो, मालकाचे काय?

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली व परिसरातील भटके कुत्रे आठ आठवड्यांत उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. अकरा दिवसांनी, २२ ऑगस्टला, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. नसबंदी व लसीकरण करून कुत्रे जिथून उचलले तिथेच सोडावेत, मात्र पिसाळलेले व आक्रमक कुत्रे सोडू नयेत, असे ठरले. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून कुत्रे हटवण्याचा आदेश निघाला. या तीन तारखांच्या मध्ये देशभर जो वाद पेटला, त्यात प्राणिप्रेमी आणि प्राणिपीडित असे दोन तट सरळसरळ समोरासमोर उभे राहिले. मुंबईला हे दृश्य नवीन नव्हे. १८३२ साली कंपनी सरकारच्या पोलिसांनी भटके कुत्रे मारण्याची मोहीम उघडली, तेव्हा पारशी समाजाच्या पुढाकाराने या शहरात हरताळ पडला आणि दंगलही झाली. कुत्रा हा विषय माणसांना चटकन एकमेकांच्या अंगावर घालतो, ही गोष्ट जवळजवळ दोनशे वर्षांची जुनी आहे.

परंतु या साऱ्या गदारोळात एक कुत्रा कोणाच्याच नजरेस आला नाही. तो रस्त्यावर राहत नाही. तो चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत राहतो, त्याला नाव आहे, गळ्यात पट्टा आहे, आणि सकाळी नऊ ते सायंकाळी सहा तो एकटा असतो. त्याच्या भुंकण्याने शेजारच्या दहावीच्या मुलाचा अभ्यास होत नाही. तो पाहुण्यांच्या अंगावर झेपावतो, सोफ्याची कड कुरतडतो, आणि दीड वर्षाचा झाला की घरात त्याच्याविषयी हळू आवाजात बोलणी सुरू होतात. याची एक तर कुठल्यातरी नातेवाइकाच्या शेतावर रवानगी होते, किंवा शहराबाहेरच्या रस्त्यावर मोटारीचा दरवाजा उघडून त्याला उतरवले जाते. म्हणजे ज्या भटक्या कुत्र्याविषयी न्यायालये आदेश काढतात, त्यांतल्या काहींचा जन्म रस्त्यावर झालेला नसतो. ते एका अपयशी शिक्षणाचे उत्पादन असतात. हे शिक्षण कुत्र्याचे की माणसाचे, हा खरा प्रश्न आहे.

सरकारने या प्रश्नाला हात घातला तो जातीच्या टोकाने. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर, तोसा इनू अशा तेवीस जातींची आयात, पैदास व विक्री थांबवण्यास सांगितले. महिनाभरात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केले, कारण संबंधितांशी विचारविनिमय झालेला नव्हता. तांत्रिक कारण बाजूला ठेवले तरी जातीवर बंदी घालण्याच्या या मार्गाचा परदेशातला अनुभव फारसा उत्साहवर्धक नाही. ब्रिटनने १९९१च्या कायद्याने चार प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी घातली. बत्तीस वर्षांनी, २०२३च्या अखेरीस, एक्सएल बुली या पाचव्या प्रकाराला त्या यादीत घालण्याची वेळ आली. नेदरलँड्सने १९९३ मध्ये पिटबुलवर घातलेली बंदी २००८ मध्ये स्वतःच मागे घेतली, कारण चाव्यांचे प्रमाण घटलेले दिसेना. मोठ्या जबड्याचा कुत्रा चावला तर इजा भयंकर होते, यात वाद नाही, आणि पिटबुलसारखे कुत्रे पाळण्याची हौस ज्यांना आहे त्यांच्या हौशीचे समर्थनही येथे कर्तव्य नाही. परंतु कुत्रा चावतो की नाही, हे बव्हंशी त्याच्या आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांत ठरते. ते ठरवणारा माणूस मात्र कोणत्याही यादीत नसतो.

यात आपल्याकडची एक सामाजिक घडामोड लक्षात घेतली पाहिजे. कुत्रा मराठी माणसाला नवा नाही. धनगराच्या मेंढरांमागे तो होता, शेतावर होता, वाड्याच्या दिंडीशी होता. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा घरोघर माहीत आहे. पण तो कुत्रा उंबऱ्याच्या बाहेरचा होता. त्याला कोणी मुद्दाम शिकवत नसे. तो मोठ्या कुत्र्यांकडून, मेंढरांच्या शिंगांकडून आणि माणसांच्या दगडांकडून शिके. भाषेतच याचा पुरावा आहे. कुत्र्याला बोलवायला ‘यू यू’, हाकलायला ‘हाड’ आणि कोणाच्या अंगावर घालायला ‘छू’, एवढ्या तीन शब्दांवर मराठी माणसाचा त्याच्याशी व्यवहार शतकानुशतके भागला. ‘बस’, ‘थांब’, ‘सोड’, ‘जागेवर जा’ हे कुत्र्याला सांगण्याची गरजच पडली नाही, कारण तो घरात नव्हताच.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत तो उंबरा ओलांडून आत आला. आत आल्याबरोबर घराने त्याच्याशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली, ही त्यातली गंमत. ज्या घरात मुलांच्या मराठीविषयी चिंता व्यक्त होते, तिथेही कुत्र्याला ‘सिट’ आणि ‘नो’ असेच सांगितले जाते. कुत्र्याला अर्थात भाषेशी कर्तव्य नसते, त्याला आवाजाशी असते. आणि अडचण नेमकी तिथेच येते. मुलगा ‘सिट’ म्हणतो, वडील ‘खाली बस’ म्हणतात, आजी ‘बस रे बाबा, बस’ असे आळवते. एकाच कृतीसाठी तीन आवाज, आणि तिन्ही आवाजांमागे तीन वेगळे परिणाम. मुलगा बिस्किट देतो, वडील चापट देतात, आणि आजी तो बसला नाही तरी पोळीचा तुकडा देतेच. अशा वर्गात कोणता विद्यार्थी उत्तीर्ण होईल?

या आजीच्या तुकड्यात मानसशास्त्राचा एक पक्का नियम दडलेला आहे. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत दाखवून दिले, की प्रत्येक वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अधूनमधून, अनिश्चितपणे मिळणारे बक्षीस सवय अधिक चिवट करते. जेवणाच्या पंगतीशी कुत्र्याने भीक मागू नये असे घरातल्या चौघांनी ठरवले आणि पाचव्याने आठवड्यातून एकदा हळूच तुकडा टाकला, तर ती सवय मोडत नाही. उलट ती लॉटरीच्या तिकिटासारखी घट्ट होते. कुत्र्याला हट्टी म्हणून बोल लावणारे घर त्याला हट्टीपणाचे धडे रोज स्वतःच देत असते.

पिल्लू घरी येते त्या वयापासूनच चुकांना प्रारंभ होतो. बाजारात तीस-पस्तीस दिवसांची पिल्ले ‘पंचेचाळीस दिवसांचे’ म्हणून खपवली जातात. वस्तुतः २०१७च्या श्वानपैदास व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकणे बेकायदेशीर आहे. आईपासून आणि भावंडांपासून लवकर तोडलेले पिल्लू एका महत्त्वाच्या धड्याला मुकते: चावा किती जोराचा असावा. खेळताना भावंडाला जोरात चावले की ते किंचाळते आणि खेळ थांबतो. दाताच्या ताकदीला लगाम घालण्याचे हे शिक्षण भावंडांत जितके सहज मिळते तितके माणसांत मिळत नाही.

दुसरी गोष्ट याहून अधिक निर्णायक आहे. अमेरिकेच्या मेन राज्यातील बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी अनेक वर्षे केलेल्या प्रयोगांचे फलित १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यातून असे दिसले, की सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिल्लाच्या मनाचे दार उघडे असण्याचा काळ होय. या काळात जे दिसते, ऐकू येते, ज्याचा वास येतो, ते त्याच्या जगात सामावले जाते. जे येत नाही त्याची पुढे भीती वाटते. आणि कुत्र्याच्या आक्रमकपणाचे मूळ फार वेळा या भीतीतच असते. आपल्याकडे नेमक्या याच काळात पिल्लू चार भिंतींत कोंडले जाते. लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर काढू नका, असा सल्ला मिळतो आणि पार्व्होसारख्या रोगाची भीती खरी असल्याने तो सल्ला चुकीचाही नाही. मात्र पिल्लाला जमिनीवर सोडू नये याचा अर्थ त्याला जग दाखवूच नये असा नव्हे. कडेवर घेऊन त्याला रिक्षा, बँड, छत्रीवाला माणूस, काठी टेकत चालणारे आजोबा, गणवेशातली मुले, देवळातली घंटा हे सारे दाखवता येते. ज्यांनी ते दाखवले नाही, त्यांचा कुत्रा वर्षभराने पोस्टमनला पाहून पिसाट भुंकतो आणि ते म्हणतात, याला खाकी रंग आवडत नाही.

शिस्तीच्या नावाखाली जे चालते त्याविषयी थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे. घरात घाण केली की पिल्लाचे नाक त्यात घासावे, ही समजूत सुशिक्षित घरांतही पक्की आहे. कृती आणि परिणाम यांत एक-दोन क्षणांपेक्षा अधिक अंतर पडले की कुत्रा त्या दोहोंची सांगड घालू शकत नाही. कचेरीतून सहा वाजता परतलेल्या मालकाने दुपारी दोनच्या ओल्या डागासाठी मारले, तर कुत्र्याला एवढेच कळते की मालक घरी आला की मार बसतो. मग तो पलंगाखाली दडतो, कान पाडतो, आणि घरचे म्हणतात, “बघा, चूक केली हे त्याला कळतंय.” त्याला चूक कळलेली नसते, चेहरा कळलेला असतो. यापेक्षा साधा उपाय आहे. तो मात्र कष्टाचा आहे. पिल्लू झोपेतून उठले की, खाऊन झाले की आणि खेळून झाले की त्याला लगेच ठरलेल्या जागी नेणे, आणि काम झाल्यावर तत्क्षणी शाबासकी देणे. दिवसातून आठ-दहा वेळा, रात्रीच्या दोन फेऱ्या धरून, काही आठवडे. चौथ्या मजल्यावरून, उद्वाहन बंद असताना, पावसात. पिल्लू घेण्याचा विचार करणाऱ्या घराला ही आकडेमोड कोणी सांगत नाही.

मारकुट्या शिस्तीला शास्त्राचा मुलामाही चढवला जातो. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या असतो, तेव्हा मालकाने म्होरक्या व्हावे आणि कुत्र्याला दाबून ठेवावे, असे हे तत्त्वज्ञान. त्याचा उगम रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये पिंजऱ्यातल्या, एकमेकांना परक्या असलेल्या लांडग्यांवर केलेल्या निरीक्षणांत आहे. ज्यांच्या १९७०च्या ग्रंथामुळे ती कल्पना सर्वत्र पसरली, त्या डेव्हिड मेच यांनी १९९९ मध्ये स्वतःच ती दुरुस्त केली. रानातला कळप म्हणजे मुख्यतः आई, बाप आणि त्यांची पिल्ले असे कुटुंब असते. तिथे सत्तेसाठी रोजची मारामारी नसते. शास्त्रज्ञाने आपले मत बदलून पाव शतक लोटले. परंतु आपल्याकडच्या उद्यानांत साखळीला हिसके देत ‘बॉस कोण ते दाखवा’ असे शिकवणारे प्रशिक्षक अजून भेटतात, आणि त्यांना गिऱ्हाईकही मिळते.

प्रशिक्षकांचा हा धंदा म्हणजे एक वेगळेच प्रकरण. सकाळी तासभर एक माणूस येतो, कुत्र्याला खाली मैदानात नेतो, परत आणून सोडतो. महिनाभरानंतर कुत्रा त्या माणसासमोर शिपायासारखा बसतो, आणि तो माणूस जिना उतरताच पूर्ववत सोफ्यावर चढतो. पैसे फुकट गेले अशी मालकाची तक्रार असते. वस्तुतः शिकवणी कुत्र्याला लागली, मालकाला लागलीच नाही. ज्यांना या कामाचे मर्म कळते ते असे करीत नाहीत. ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे श्वानप्रशिक्षण केंद्र १९७० पासून चालते. अशा केंद्रांत कुत्रा एकटा शिकत नाही. त्याला पुढे सांभाळणारा जवान, ज्याला हँडलर म्हणतात, तोही त्याच्याबरोबर शिकतो, आणि दोघे मिळून कामावर जातात. स्फोटके हुंगणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत जे गृहीत धरले जाते, ते सदनिकेतल्या लॅब्राडॉरच्या बाबतीत चैन समजले जाते.

या शिक्षणातला सर्वांत अवघड काळ पिल्लूपणाचा नव्हे, त्यानंतरचा असतो. सहा-सात महिन्यांपर्यंत शहाण्यासारखे वागणारा कुत्रा एकाएकी हाक ऐकू आली नाही असे दाखवू लागतो. ब्रिटनमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की आठ महिन्यांच्या सुमारास कुत्रे आपल्या पालनकर्त्याची आज्ञा, त्यांनी पाच महिन्यांच्या वयात पाळली होती त्यापेक्षा कमी पाळतात. आणि तीच आज्ञा परक्या माणसाने केली तर तिचे पालन करतात. घरी उद्धट आणि शेजाऱ्यांकडे आदर्श असलेल्या नववीच्या मुलांना ओळखणाऱ्या शिक्षकांना यात आश्चर्य वाटणार नाही. हा काळ सरतो, हेही त्याच अभ्यासाने सांगितले. पण तो सरेपर्यंत धीर धरणे हेच अवघड, कारण पिल्लाचे कौतुक तोवर संपलेले असते, मुलांच्या परीक्षा आलेल्या असतात, आणि तीस किलोचा उनाड पोर साखळी ओढीत आजोबांना पाडतो. कुत्रे टाकले जातात ते बहुधा या वयात. आणखी वर्षभर कळ काढली असती तर तोच कुत्रा पुढची दहा वर्षे पायाशी निमूट बसला असता, हे त्या घराला कधीच कळत नाही.

टाकणाऱ्याला कायदा काय करतो? १९६०च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात, नेहमी साखळीला बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे हा गुन्हा आहे, आणि प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हाही गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत! १९६० साली पन्नास रुपयांना किंमत होती. आज त्या रकमेत कुत्र्याचा साखळीपट्टादेखील येत नाही. कुत्र्याने कोणाला इजा करू नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेच्या २९१व्या कलमात सहा महिन्यांपर्यंत कारावास वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पण ते कलम चावा घेऊन झाल्यावर आठवते.

चाव्याची भीती वाटणाऱ्या शेजाऱ्यांना हसण्याचेही कारण नाही. जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश भारतात होतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या देशात ही स्थिती आहे तिथे मोकळा कुत्रा पाहून आईने मुलाला मागे ओढले तर ती प्राणिद्वेष्टी ठरत नाही. गृहनिर्माण संस्थांच्या सभांत मात्र दोन्ही बाजू आपापल्या हक्कांचे कागद फडकवतात. भारतीय प्राणिकल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचनांनुसार संस्थेला, बहुमताने ठराव करूनही, कुत्रा पाळण्यास बंदी करता येत नाही. उद्वाहनाचा वापरही नाकारता येत नाही. कुत्र्याचा मालक ही सूचना तोंडपाठ म्हणतो. त्याच सूचनांत कुत्र्याची घाण मालकाने उचलावी, भुंकण्याने इतरांना त्रास होऊ नये हेही सांगितले आहे. ते पान मात्र त्याने उलटलेले नसते. दुसरीकडे, आवारातल्या गवतावर कुत्र्याने पाय ठेवू नये असा फलक लावणारी संस्था त्याच कुत्र्याने भुंकू नये अशी अपेक्षा करते. चालणे-धावणे आणि हुंगणे बंद झालेला प्राणी त्याची शक्ती घशातून बाहेर काढतो, हे साधे गणित आहे. दुपारभर भुंकणाऱ्या कुत्र्याला सकाळी पाऊण तास मनसोक्त चालवले आणि जाताना पोळीचे तुकडे घरभर लपवून ठेवले, तर शेजारच्या दहावीच्या मुलाला पुष्कळदा तेवढ्याने शांतता मिळते. त्यासाठी सर्वसाधारण सभा लागत नाही, साडेपाचला उठणारा एक माणूस लागतो.

मालकाला शिकवण्याचा कायदा जगात झालेला आहे. झुरिचजवळ २००५च्या डिसेंबरात सहा वर्षांचा मुलगा पिटबुल कुत्र्यांच्या हल्ल्यात मृत्यू पावला. त्यानंतर स्वित्झर्लंडने २००८ मध्ये नव्या मालकांना अभ्यासक्रमाची सक्ती केली. तो करावयाचा कुत्र्यासह. २०१६ अखेर संसदेने ती सक्ती उठवली, कारण पुष्कळ मालक त्या वर्गाकडे फिरकलेच नाहीत आणि चाव्यांत ठळक फरक दाखवता आला नाही. झुरिच कॅन्टनने मात्र आपल्यापुरती सक्ती कायम ठेवली. यावरून अशी योजना निरुपयोगी असे म्हणता येणार नाही. पण कागदावरच्या सक्तीपेक्षा सोय महत्त्वाची, एवढे मात्र म्हणता येईल. आपल्या मोठ्या महापालिकांत पाळीव कुत्र्यासाठी परवाना घ्यावा लागतो, आणि तो न घेणारेच अधिक आहेत, हे उघड गुपित आहे. ज्या दिवशी लस टोचायला पिल्लू दवाखान्यात येते त्याच दिवशी, त्याच ओट्यावर, घरातल्या दोन माणसांना तासभर काही सांगितले, त्यांच्या देखत पिल्लाला एकदा बसवून दाखवले, आणि महिन्याने पुन्हा बोलावले, तर नवी इमारत उभारावी लागत नाही की नवे खातेही काढावे लागत नाही. रविवारी रिकाम्या असणाऱ्या महापालिका शाळांच्या मैदानांवर असे वर्ग भरवता येतील. वर्गाला बसलेल्या मालकाला परवाना फुकट देता येईल. मैदान तेवढे सोमवारी सकाळच्या आत स्वच्छ झाले पाहिजे, आणि ते मालकांनीच केले पाहिजे.

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, अशी म्हण मराठीत आहे. परवान्यासाठी अर्ज करताना मालक कुत्र्याचे वय, रंग, जात आणि लसीची तारीख भरून देतो. सकाळी साडेपाचला त्याला कोण फिरवणार आणि तो दिवसाचे किती तास एकटा राहणार, एवढ्या दोन ओळी त्या अर्जात वाढवायला कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागणार नाही.